संत्री पिकली होती, फोटोत मात्र कच्ची: मॉनिटरच्या कलर प्रोफाइलची भानगड

आजचा भाग तळेगावच्या घरून रेकॉर्ड केलाय. नागपूर-अमरावती हायवे जवळच आहे, मध्येमध्ये ट्रकचे हॉर्न ऐकू येतील, सांभाळून घ्या. वाचणाऱ्यांची मात्र त्यातून सुटका.

तर झालं असं. फेब्रुवारीत मामानं मृग बहाराच्या संत्र्यांचे फोटो पाठवले. बाहेरगावच्या व्यापाऱ्याला दाखवायचे होते. मी ते नव्या मॉनिटरवर फोटोशॉपमध्ये उघडले, तर सगळं पिवळट. वाटलं, संध्याकाळच्या उन्हामुळे असेल. टेम्परेचरचा स्लायडर निळ्याकडे सरकवला, फोटो छान दिसायला लागले, दिले पाठवून. तासाभरात मामाचा फोन. "काय केलं रे बाबू तू? व्यापारी म्हणते माल कच्चाच हाये!"

फोनवर उघडून पाहिलं. खरंच, केशरी फळं पिवळट-हिरवी दिसत होती. आणि मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनीअर!

आता गंमत बघा. फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतो, आकडे असतात. लाल २५५, हिरवा १४०, निळा ०, असे. पण नुसतं "पाच द्या" म्हटलं तर दुकानदार विचारेल ना, पाच किलो की पाच क्विंटल? तसंच हे आकडे कुठल्या मापातले, ते प्रोफाइल सांगते. फोटोची एक प्रोफाइल असते, बहुतेक वेळा एसआरजीबी. हे माप एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं १९९६ मध्ये मांडलं, १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. दुसरी प्रोफाइल मॉनिटरची, "मी रंग असे दाखवतो" असं सांगणारी. फोटोशॉप दोन्ही वाचून आकडे बदलतं. माझ्या मॉनिटरच्या ड्रायव्हरसोबत आलेली प्रोफाइलच चुकीची होती. मॉनिटर निळसर आहे असं ती खोटंच सांगत होती, म्हणून फोटोशॉप इमानदारीनं पिवळा वाढवत होतं. आणि मी तो नसलेला पिवळा काढत बसलो.

हे ओळखायचं कसं? फोटोशॉपमध्ये पांढरी कोरी फाइल उघडा. ती पिवळट दिसली, पण बाजूचं नोटपॅड पांढरं शुभ्र असेल, तर संशय प्रोफाइलवर. मग व्ह्यू, प्रूफ सेटअप, मॉनिटर आरजीबी निवडा. यात मॉनिटरची प्रोफाइल बाजूला ठेवून आकडे थेट स्क्रीनवर जातात. पिवळटपणा गेला? चोर सापडला. (त्याआधी नाइट लाइट बंद आहे ना, ते बघा. मी अर्धा तास त्यातही घालवलाय.)

विंडोजवर उपाय असा: सर्चमध्ये 'कलर मॅनेजमेंट' टाका. डिव्हाइसेसमध्ये योग्य मॉनिटर निवडा. दोन स्क्रीन असतील तर 'आयडेंटिफाय मॉनिटर्स' दाबलं की नंबर दिसतो. 'यूज माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस'वर टिक करा, अ‍ॅड दाबून 'एसआरजीबी आयईसी६१९६६-२.१' घ्या आणि तीच डिफॉल्ट करा. मग फोटोशॉप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, कारण ते ही प्रोफाइल सुरू होतानाच वाचतं. इथेच बरेच जण म्हणतात, "काही फरक नाही पडला."

पण हा तात्पुरता इलाज आहे. तुमचा मॉनिटर वाइड गॅमट असेल, तर एसआरजीबी प्रोफाइलवर रंग भडक दिसतील. खरा इलाज म्हणजे कॅलिब्रेटर. स्क्रीनवर टेकवायचं हे यंत्र रंग मोजून तुमच्याच मॉनिटरची प्रोफाइल बनवतं. लग्नाचे अल्बम करत असाल तर घ्याच. माझ्यासारख्यानं मित्राकडून एक दिवस मागून आणलं तरी भागतं.

फोटो पाठवताना तो एसआरजीबीमध्ये 'कन्व्हर्ट' करा. 'असाइन' नाही! असाइन केलं की आकडे तेच राहतात, नुसतं माप बदलतं, आणि रंग बिघडतात. प्रोफाइल एम्बेड करायचीही टिक ठेवा. आणि फोनचा स्क्रीन मोड 'व्हिव्हिड' असेल तर 'नॅचरल' करून बघा, नाहीतर कच्ची संत्रीही पिकलेली वाटतील.

मी तेच फोटो पुन्हा, जवळपास हात न लावता पाठवले. व्यापारी दोन दिवसांनी बगीच्यात आला. मामा अजूनही म्हणतो, पहिलेच तसेच पाठवले असते तर!