तोंड वाकडे करणारी नस

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळते. आरशात पाहावे, तर त्या बाजूचा डोळा मिटत नाही. घरचे म्हणतात, 'वारे गेले'. प्रत्यक्षात बिघाड असतो तो चेहऱ्याच्या स्नायूंना मेंदूचे आदेश पोचविणाऱ्या सातव्या मज्जातंतूत. कानाजवळच्या हाडातील अरुंद बोगद्यातून तो जातो. त्याला सूज आली, की हाड काही जागा देत नाही. मज्जातंतू तिथेच आवळला जातो आणि चेहऱ्याची ती बाजू निश्चल होते. स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांच्या नावावरून या विकाराला 'बेल्स पाल्सी' म्हणतात.

पक्षाघातातही तोंड वाकडे होते. मात्र कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आदेश मिळत असल्याने त्यात सहसा कपाळावर आठ्या घालता येतात. मज्जातंतूच दुखावला असेल, तर त्या बाजूचे कपाळ सपाट राहते. अर्थात, हा निवाडा घरी आरशासमोर करण्याचा नव्हे. त्यासाठी रुग्णालयच तातडीने गाठावे.

बेल्स पाल्सीत ७२ तासांच्या आत स्टिरॉइड सुरू केल्यास पूर्ण बरे होण्याची शक्यता वाढते. तेलाच्या मालिशीत नेमके हेच तास निघून जातात. न मिटणारा डोळा कोरडा पडून बुबुळाला इजा होऊ शकते. म्हणून दिवसा डोळ्यात थेंब, तर रात्री मलम व पट्टी वापरावी लागते.