कॅमेरा उगाच ओरडतो तेव्हा

लातुरात औसा रोड, अंबाजोगाई रोडकडच्या वसाहतींत आता गेटागेटावर कॅमेरे दिसतात. घरमालक लग्नाला गावी गेलेला असतो आणि मोबाइल रात्रभर टुणटुणत राहतो: हालचाल आढळली. उघडून बघावं तर कुत्रं, नाहीतर कडुनिंबाची फांदी. दोन रात्री गेल्या की माणूस वैतागून नोटिफिकेशनच बंद करतो, मग कॅमेरा असून नसल्यासारखा. बसवणाऱ्याला विचारलं तर ‘सेन्सिटिव्हिटी कमी करा’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. ते चूक नाही, पण तो इलाज सगळ्यात शेवटी करायचा.

का, ते समजायला कॅमेरा काय करतो हे बघावं लागेल. साध्या कॅमेऱ्याला माणूस की मांजर हे कळत नाही. तो आत्ताचं चित्र आधीच्या चित्राशी ताडून बघतो. पुरेशा ठिपक्यांचा उजेड बदलला की अलर्ट. फांदी हलली, गल्लीतून जाणाऱ्या मोटारसायकलचा उजेड भिंतीवरून फिरला, लाइट गेली आणि परत आली, त्याच्या लेखी सगळं सारखंच. सेन्सिटिव्हिटी उतरवली की फांदीसोबत कंपाउंडवरून सावकाश उतरणारा माणूसही गाळला जाण्याची भीती असते.

म्हणून आधी एका रात्रीच्या सगळ्या क्लिप शांतपणे बघा आणि प्रत्येकीचं कारण लिहून काढा. बहुतेक घरांत दोन-तीनच गुन्हेगार सापडतात.

रात्रीचा मोठा गुन्हेगार म्हणजे किडे. अंधार पडला की कॅमेरा स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो. समजा माणूस पाच मीटरवर आहे आणि पाखरू लेन्सपासून दहा सेंटिमीटरवर. पाखरू पन्नासपट जवळ, म्हणजे त्याच्यावर पडणारा उजेड जवळपास अडीच हजारपट. चित्रात ते पांढरा गोळा होऊन निम्मी चौकट व्यापतं. मृगाच्या पावसानंतर पाखरं निघाली की हा त्रास हमखास वाढतो. उपाय साधा आहे: पोर्चचा बल्ब कॅमेऱ्याशेजारी असेल तर तो दोन-तीन मीटर दूर न्या, पाखरं बल्बाकडे जातील. कॅमेऱ्यावरची जाळी दर आठ-पंधरा दिवसांनी कोरड्या फडक्यानं काढा. वाऱ्यानं हलणारा जाळ्याचा एक धागासुद्धा पहाटेपर्यंत अलर्ट पाठवत राहतो.

मग कॅमेऱ्याचं तोंड. आठ-दहा फुटांवर बसवून तो खाली झुकवा. आभाळ, झाडाचा शेंडा आणि रस्ता चौकटीबाहेर जायला हवेत. जे उरेल ते ॲपमधल्या ‘डिटेक्शन एरिया’त बोटानं वगळा. फक्त गेट, पायऱ्या आणि दार ठेवा. शेजाऱ्याचं अंगण वगळलं तर अलर्टही कमी होतात आणि कुरबुरही.

‘ह्यूमन डिटेक्शन’ असेल तर जरूर चालू करा. कुत्री-मांजरं बरीचशी गळतात. पण त्यालाही चकवे बसतात. दोरीवर हेलकावणारा सदरा त्याला माणूस वाटू शकतो. समोरच्या खांबावर वाढदिवसाचा फ्लेक्स लागला आणि त्यावर पुढाऱ्यासह कार्यकर्त्यांचे डझनभर चेहरे वाऱ्यानं फडफडत असले, तर कॅमेऱ्याला बिचाऱ्याला दारात सभा भरल्यासारखी वाटते. आपल्याकडे फ्लेक्सला बंदी घालणं अवघड. तेवढा कोपरा वगळणं सोपं.

बॅटरीवरच्या अनेक कॅमेऱ्यांची तऱ्हा निराळी. त्यांतला पीआयआर सेन्सर उजेड नाही, उष्णतेतला फरक टिपतो. मे महिन्यात लातूरचा पारा चाळिशीपार जातो, तापलेल्या भिंती रात्रीही उष्णता सोडत असतात. माणसाचं अंग आणि मागची भिंत सारखीच गरम झाली की हा सेन्सर माणसाला चुकवू शकतो. एसीचं बाहेरचं युनिट किंवा तापलेला पत्रा समोर असला तर उलट उगाच वाजतो. शिवाय सरळ अंगावर चालत येणाऱ्यापेक्षा समोरून आडवा जाणारा त्याला लवकर कळतो. तेव्हा तो वाटेच्या बाजूनं बसवा, वाटेच्या टोकाला नव्हे.

एवढं झाल्यावरच सेन्सिटिव्हिटी एकेक पायरी उतरवा आणि प्रत्येक पायरीला तपासून बघा. रात्री घरातल्या कुणाला तरी गेटपासून दारापर्यंत चालायला सांगा. एकदा सरळ, एकदा भिंतीच्या कडेनं सावकाश, एकदा तोंडाला टॉवेल गुंडाळून. तिन्ही वेळा मोबाइल वाजला पाहिजे. एकदा जरी गप्प राहिला तर एक पायरी वर चढा. आणि ही तपासणी गावी निघायच्या आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी करा.