वाढता टेराटोमा

बीजांडकोशातील जननपेशींचा कर्करोग बहुधा तरुण मुलींना गाठतो आणि सिस्प्लॅटिनयुक्त रसायनोपचाराने पुष्कळदा बराही होतो. परंतु रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन व एचसीजी या कर्करोगसूचक घटकांचे प्रमाण पूर्ववत झाल्याचा दाखला हाती असताना पोटातील गाठ मात्र वाढतच राहिली, तर रोग उलटला असेच घरच्यांना वाटते, आणि ही समजूत अनेकदा चुकीची असते, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. १९८२ साली लोगोथेटिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुर्मिळ अवस्थेला ‘ग्रोइंग टेराटोमा सिंड्रोम’ हे नाव दिले.

औषधाने घातक पेशी नष्ट होतात. मागे उरतो तो त्वचा, केस, कूर्चा अशा परिपक्व ऊतींचा टेराटोमा, ज्यावर रसायनांचा वा किरणांचा अंमल चालत नाही. म्हणून औषधाची मात्रा वाढविणे व्यर्थ. गाठ शस्त्रक्रियेने समूळ काढणे हाच खरा बंदोबस्त, आणि तोही तिने मूत्रवाहिनी वा आतडे दाबण्यापूर्वी. निदानाचा अखेरचा निकाल सूक्ष्मदर्शकाखालीच लागतो. दुसरा बीजांडकोश व गर्भाशय निरोगी असल्यास ते राखण्याची तजवीज शल्यविशारदाशी आधीच बोलून घ्यावी. अंश मागे राहिल्यास गाठ पुन्हा वाढू शकते, क्वचित घातकही बनते. यास्तव स्कॅनची देखरेख वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते.