कोंडवाड्याची पावती

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कोर्टाच्या आवारातल्या माझ्या टेबलाशी एक मावशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वकीलदादा, माझ्या दोन शेळ्या पालिकेच्या गाडीनं नेल्या. सोडवायला गेले तर म्हणतात, मालकीचा कागद आण. शेळीचा कसला आला कागद?"

मावशी बौद्धवाड्यातल्या. नवरा वारला आहे. चार घरची धुणीभांडी करतात. त्या दोन शेळ्या म्हणजे त्यांची बँक. मुलीची कॉलेजची फी शेळी विकूनच भरायची होती. त्याच सकाळी, त्याच गाडीत, मागच्या गल्लीतल्या गोठेवाल्याची गायही चढवली होती. गाय दुपारपर्यंत दंड भरून घरी आली. मावशी मात्र कामावर खाडे करून तीन दिवस फेऱ्या मारत राहिल्या. चौथ्या दिवशी उत्तर मिळाले, शेळ्या 'संस्थेकडे' पाठवल्या. कोणत्या संस्थेकडे? कोणाच्या हुकमाने? नोंद कुठे आहे? कोणी बोलेना. पकडताना पावतीच दिली नव्हती, तर विचारणार कशाच्या जोरावर?

देशापुढे एवढे प्रश्न असताना शेळ्यांवर कसले लिहिता, असे काही मित्र म्हणतील. पण ज्याच्या घरात पगार येत नाही, त्याच्यासाठी शेळी, डुक्कर, गाढव हीच इस्टेट असते. राज्यघटनेचे कलम ३०० अ सांगते की, कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. ही मालमत्ता बंगल्याएवढीच असली पाहिजे, असे घटनेत कुठेही लिहिलेले नाही.

कोंडवाडा हा शब्द आपल्याला नवा नाही. दया पवारांनी १९७४ साली आपल्या कवितासंग्रहाला हेच नाव दिले. गावातल्या कोंडवाड्याच्या दगडी भिंती आपल्यातल्या अनेकांनी पाहिल्या आहेत. पण या कोंडवाड्यामागचा कायदा फार थोड्यांनी वाचला आहे. तो १८७१ सालचा, इंग्रजांनी केलेला. प्रत्येक कार्यकर्त्याने तो एकदा वाचावा.

काय होते त्या कायद्यात? जनावर कोंडवाड्यात आले की रजिस्टरात नोंद करायची. त्याला चारापाणी द्यायचे. मालक किंवा त्याचा माणूस आला की दंड आणि खर्च घेऊन जनावर त्याच्या हवाली करायचे आणि रजिस्टरात त्याची सही घ्यायची. सात दिवसांत कोणी आले नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचे, नोटीस लावायची आणि गावात व बाजारात दवंडी पिटायची. नोटिशीनंतर आणखी सात दिवस वाट पाहून मगच जाहीर लिलाव. लिलावात कोंडवाड्याच्या कारकुनाने बोली लावायची नाही. खर्च वजा जाता उरलेली रक्कम मालकाची. जनावर बेकायदा पकडले असेल तर दहा दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची, आणि ही तक्रार तोंडी केली तरी चालेल! लिहिता न येणाऱ्या माणसाचा विचार त्या परक्या सरकारनेही केला होता. या कायद्यातल्या 'गुरे' या शब्दात शेळ्या, मेंढ्या, गाढवे आणि डुकरेही येत होती. म्हणजे गाईच्या मालकाला जो हक्क, तोच डुकराच्या मालकाला. जुन्या मुंबई शहराला हा कायदा लागू नव्हता, पण १९५१ च्या पोलीस कायद्यातही कोंडवाड्याची तरतूद केलेली आहे.

याच १८७१ साली इंग्रजांनी दुसराही एक कायदा केला, गुन्हेगार जमातींचा. आधी तो उत्तरेत होता, १९११ च्या कायद्याने आपल्याकडेही आला. त्यातही रजिस्टर होते, पण माणसांचे. हजेरी होती, पास होता, पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली वसाहत होती. आणि जमातीवर शिक्का मारणाऱ्या जाहीरनाम्याला कोर्टात आव्हान देण्याची सोय नव्हती. बैल सोडवायला मॅजिस्ट्रेट होता, माणूस सोडवायला नव्हता. तो कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावे लागले. चवदार तळ्यावर जनावराला पाणी मिळत होते आणि माणसाला मनाई होती, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

आज काय स्थिती आहे? एकीकडे २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा विस्तार होऊन बैल आणि वळूही त्यात आले. भाकड जनावर विकता येत नाही आणि पोसता येत नाही, अशा कात्रीत शेतकरी सापडला. मग जनावर रस्त्यावर येते. अपघात होतात, माणसे मरतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरची मोकाट गुरे हटवून गोशाळा वा कोंडवाड्यात ठेवण्याचे आदेश दिले. आदेशाला विरोध असण्याचे कारण नाही. पण गाड्या वाढतील, तेव्हा त्यांच्यात आधी कोणाचे जनावर चढेल, हे वस्तीतल्या माणसाला विचारा.

दुसरीकडे, क्रूरतेच्या खटल्यात जप्त झालेल्या जनावरांसाठी केंद्राने २०१७ साली नियम केले. जनावर पांजरपोळात किंवा गोशाळेत आणि खटला चालू असेपर्यंतचा खर्च मालकाच्या माथी! खटला वर्षानुवर्षे चालतो. निर्दोष सुटेपर्यंत खर्चाचा आकडा जनावराच्या किमतीपुढे जातो. वास्तविक १९९८ साली देवदर पांजरपोळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, ताबा कोणाला द्यायचा हे मॅजिस्ट्रेटने परिस्थिती पाहून ठरवावे, आणि मालकावर पहिलाच खटला असेल तर त्याचा दावा अधिक बळकट मानावा. जानेवारी २०२१ मध्ये याच न्यायालयाने २०१७ च्या नियमांबद्दल केंद्राला खडसावले होते, ही जनावरे लोकांच्या उपजीविकेचे साधन आहेत म्हणून. खालच्या कोर्टात हे सांगणारा वकील गरीब मालकाजवळ उभा असतो का?

भटक्या कुत्र्याचेही पाहा. ऑगस्ट २०२५ मधल्या सुधारित आदेशाप्रमाणे नसबंदी आणि लसीकरणानंतर त्याला पुन्हा त्याच्याच भागात सोडायचे आहे. पिसाळलेला, हल्लेखोर कुत्रा तेवढा वगळला. शाळा, दवाखाने, स्थानके यांच्यासाठी नोव्हेंबरमध्ये वेगळा आदेश झाला. कुत्र्याला त्याची गल्ली मिळाली याचे दुःख नाही. बुद्धाची करुणा सर्व प्राण्यांसाठी आहे. पण ज्या शेळीला धनी आहे, तिला घर का मिळू नये?

दोन गोष्टी आपल्या माणसांनाही सांगितल्या पाहिजेत. जनावर मोकाट सोडून चालणार नाही. डुकरांमुळे वस्तीत घाण होते, त्याचा त्रास आपल्याच लेकरांना होतो. आणि गाडीवर दोर टाकणारा कामगार बहुतेक वेळा कंत्राटावरचा, आपल्यातलाच भाऊ असतो. त्याच्या अंगावर धावून जाऊ नका. प्रश्न हुकूम देणाऱ्याला विचारायचा आहे.

मागण्या साध्या आहेत. जनावर पकडताच जागेवर पंचनामा व पावती द्या. रंग, शिंगे, खुणा, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक त्यात लिहा. कोंडवाड्याचे रजिस्टर लोकांना पाहू द्या. मालकीच्या कागदाचा हट्ट सोडून दोन शेजाऱ्यांची साक्ष ग्राह्य धरा. मुदत संपण्याआधी जनावर कोणत्याही संस्थेला देऊ नका. दंड गरिबाला झेपेल असा ठेवा. कार्यकर्त्यांनीही वस्तीतल्या जनावरांना सरकारी दवाखान्यातून बिल्ले मारून घ्यावेत, फोटो काढून ठेवावेत. पावती नाकारली तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्यावी आणि माहितीच्या अधिकारात रजिस्टरची नक्कल मागावी. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याने महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे किती बायाबापड्यांना ठाऊक आहे?

मावशींच्या बाबतीत आम्ही हेच केले. माहितीचा अर्ज गेला आणि संस्थेचे नाव बाहेर आले. एक शेळी परत मिळाली. दुसरी मेल्याचे तोंडी सांगितले गेले, त्याचा कागद अजून मिळालेला नाही. त्यांच्याकडे शेळीचा कागद मागणाऱ्यांकडे आता आम्ही मेलेल्या शेळीचा कागद मागतो आहोत. पुढच्या तारखेला मावशी कामावर खाडा करून येणार आहेत. त्या दिवशी कोर्टात त्या एकट्या दिसू नयेत, एवढीच विनंती. जयभीम!