मुलांच्या रात्रीचं घड्याळ कोणाच्या हाती?

रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. ताटं वाढून झाली होती. आठवीतला मुलगा "पाच मिनिटांत आलो" म्हणून सायकल घेऊन गेला, त्याला तास उलटून गेला होता. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून गल्लीच्या टोकाकडे बघत होत्या. त्यांचं माहेर धारवाडकडचं, त्यामुळे काळजी वाटली की त्यांच्या तोंडी कन्नडच येतं. "होत्तातु, मनीगे बारो!" अशी त्यांची हाक अर्ध्या गल्लीला ऐकू गेली. आत माझी मराठीतली बडबड चालूच होती. हे मात्र वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "येईल गं, मुलगाच आहे तो."

तेवढ्यात अभ्यासाच्या टेबलावरून दहावीतली मुलगी म्हणाली, "आई, काल शिकवणीहून यायला मला साडेसात झाले, तर तुम्ही तिघांनी मिळून मला जाब विचारलात. याला दहा वाजले तरी चालतात?"

मला उत्तर देता आलं नाही. मुलगा आला, रागावून घेऊन जेवला आणि झोपला. तिचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. मुलांनी रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहावं, हे ठरवायचं कोणी आणि कशाच्या आधारावर?

दिवेलागणीचा नियम

आपल्याकडे हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, तो अंगवळणी पडला होता. दिवेलागण झाली की हातपाय धुऊन देवापुढे बसायचं. मराठी घरात शुभंकरोती, कन्नड घरात आजीबरोबर देवरनाम. दोन्ही भाषांच्या घरांत वेळ एकच. 'सातच्या आत घरात' हे शब्द तर इतके रुळले की २००४ साली त्या नावाचा मराठी चित्रपट आला. पण खरं सांगायचं तर हा नियम मुलींच्याच वाट्याला जास्त आला. मुलांसाठी तो केव्हा सैल झाला, ते कळलंही नाही.

आता तर दिवेलागणीला घरात असतं कोण? मुलं शिकवणीला, वडील दुकानात, आई नोकरीवरून परतण्याच्या वाटेवर. मग नियम जुन्या सवयीने बोलायचा, पाळायचा मात्र सोयीने.

अमेरिकेतली संचारबंदी

कर्फ्यू हा शब्द बेळगावकरांना नवा नाही. आंदोलनाच्या दिवसांत आपण तो अनुभवलाय. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस करोनामुळे राज्यभर रात्री दहा ते पहाटे पाच संचारबंदी लागली, तीही आठवत असेल. अमेरिकेतल्या अनेक शहरांत मात्र फक्त अल्पवयीन मुलांसाठी रात्रीची संचारबंदी असते, आणि ही पद्धत जुनी आहे. नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहराने १८८० मध्येच असा नियम केला होता.

टेक्सासमधल्या डॅलस शहराचं उदाहरण बोलकं आहे. १९९१ मध्ये तिथे नियम झाला, की सतरा वर्षांखालच्या मुलांनी रविवार ते गुरुवार रात्री अकरानंतर आणि शुक्रवार-शनिवारी बारानंतर, सकाळी सहापर्यंत, सार्वजनिक जागी थांबायचं नाही. सवलती होत्या. आईवडील सोबत असले, त्यांनीच कामाला पाठवलं असलं, मूल नोकरीवरून परतत असलं, शाळेचा वा धर्मस्थळाचा कार्यक्रम असला, किंवा मूल आपल्याच घरासमोर उभं असलं तर हरकत नव्हती. नियम मोडला तर पाचशे डॉलरपर्यंत दंड. तो मुलालाच नव्हे, तर मुलाला मोकळं सोडणाऱ्या पालकाला आणि त्याला बसू देणाऱ्या दुकानदारालाही होऊ शकत असे. काही पालकांनी याविरुद्ध दावा लावला, पण १९९३ मध्ये अपील न्यायालयाने नियम वैध ठरवला. मग इतर शहरांनी त्याचाच कित्ता गिरवला. १९९६ मध्ये तर खुद्द राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी या उपायाची पाठराखण केली.

पुढे काय झालं? २०१६ मध्ये संशोधकांच्या एका गटाने या विषयावरचे बारा अभ्यास एकत्र तपासले. अशा संचारबंदीमुळे गुन्हे घटतात किंवा मुलं गुन्ह्यांना कमी बळी पडतात, असं त्यात दिसून आलं नाही. एक कारण साधं आहे. अमेरिकेत मुलांच्या हातून होणारी मारामारी शाळेच्या दिवशी सर्वांत जास्त होते ती दुपारी तीनच्या सुमारास, शाळा सुटल्यावर. त्या वेळी घरी कोणी नसतं आणि पहाराही नसतो.

वॉशिंग्टनचा अनुभव तर उलटाच निघाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथली संचारबंदी रात्री बाराला सुरू व्हायची आणि एक सप्टेंबरपासून बहुतेक दिवशी अकराला. दोन अर्थशास्त्रज्ञांनी या बदलाच्या आधीचे आणि नंतरचे दिवस ताडून पाहिले. अकरा ते बारा या तासात गोळीबार घटण्याऐवजी वाढलेला दिसला. त्यांनी लावलेला अर्थ असा, की साधीसुधी मुलंमाणसं घरी गेली की रस्ता ओस पडतो आणि ओस रस्त्यावर बघणारे डोळेच राहत नाहीत. अखेर २०२३ मध्ये टेक्सासने कायदा करून शहरांना अशी संचारबंदी लावण्यास मनाई केली आणि डॅलसचा नियमही संपला.

आइसलँडचे पालक

मग नियम नकोच का? उत्तर अटलांटिक महासागरातला आइसलँड हा देश वेगळं सांगतो. चार लाखांच्या आत वस्ती. डिसेंबरात राजधानी रेक्याविकमध्ये दुपारी साडेतीनलाच सूर्य मावळतो आणि जूनमध्ये मध्यरात्रीपर्यंत उजेड असतो. आपला दिवेलागणीचा नियम तिथे कामाचा नाही, घड्याळच बघावं लागतं.

तिथल्या बालसंरक्षण कायद्यात वेळा ठरलेल्या आहेत. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी मोठ्या माणसाशिवाय हिवाळ्यात रात्री आठनंतर आणि उन्हाळ्यात दहानंतर बाहेर राहायचं नाही. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी हिवाळ्यात दहा आणि उन्हाळ्यात बारा. शाळेच्या किंवा खेळाच्या कार्यक्रमाहून ती घरी परतत असतील तर सूट. मुलगा आणि मुलगी असा भेद कुठेच नाही.

नव्वदच्या दशकात तिथली पोरं दारूच्या इतकी आहारी गेली होती, की शुक्रवारी रात्री रेक्याविकच्या मध्यवस्तीत फिरायला माणसं बिचकत. १९९८ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्क्यांनी गेल्या महिन्याभरात झिंगेपर्यंत प्यायल्याचं सांगितलं होतं. २०१६ मध्ये हा आकडा ५ टक्क्यांवर आला. रोज सिगारेट ओढणारी मुलं २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली.

हे एकट्या संचारबंदीचं श्रेय नाही, असं तिथले अभ्यासकच सांगतात. शाळाशाळांतून दरवर्षी मुलांकडून नाव न लिहिता प्रश्नावली भरून घेतली गेली आणि निकाल त्या त्या गावापुढे ठेवला गेला. खेळ, संगीत, नृत्य यांच्या वर्गांसाठी रेक्याविकच्या नगरपालिकेने दर मुलामागे पैसे दिले. शाळेत पालकांनी एकत्र बसून करार केले, की मुलांना मोठ्यांशिवाय पार्ट्या करू द्यायच्या नाहीत, घरी दारू विकत आणून द्यायची नाही आणि एकमेकांच्या मुलांवर लक्ष ठेवायचं. शुक्रवार-शनिवारी रात्री पालक स्वतः गटागटाने रस्त्यावरून फेरी मारू लागले. त्यांच्या हातात काठी नसायची. एखादं पोर दिसलं की "चल, घरी जाऊ" एवढंच म्हणायचं. १९९७ ते २०१२ या काळात आईवडिलांसोबत बराच वेळ घालवतो असं सांगणारी मुलं २३ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेली.

वेळेचा नियम दोन्हीकडे होता. अमेरिकेच्या शहरांत तो पोलिसांच्या हाती गेला. आइसलँडमध्ये तो पालकांनी उचलून धरला आणि संध्याकाळ भरून काढायची सोयही केली. शिवाय वेळ सगळ्यांची एकच. त्यामुळे "माझ्या मित्राला चालतं, मला का नाही?" हे पालुपदच बंद झालं.

आपण काय करावं?

मुलांनी किती वाजता घरी परतावं, हे सांगणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. पण दोन कायदे पालकांनी लक्षात ठेवावेत. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत कामाला लावता येत नाही, मग ते दुकान असो वा हॉटेल. आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रात्री ढाब्यावर जाण्यासाठी मुलाच्या हाती गाडीची किल्ली देताना हे आठवलेलं बरं.

बाकीचं आपल्यावरच आहे. त्या रात्रीनंतर मी गल्लीतल्या चार घरी गेले. दोन घरं मराठी, एक कन्नड, एक आमच्यासारखंच मिश्र. चारही घरांत भांडण तेच निघालं! सगळ्यांनी मिळून ठरवलं, की शाळेच्या दिवशी नऊ आणि सुट्टीच्या आदल्या रात्री दहा. मुलांना आणि मुलींना वेळ एकच. शिकवणीला उशीर होणार असेल तर घरून कोणीतरी आणायला जायचं, ओरडायला नाही. गणपतीत देखावे बघायला मुलांनी एकटं जाण्याऐवजी आम्हीच आळीपाळीने सोबत करायची. आणि जेवणानंतर अर्धा तास कट्ट्यावर मोठ्यांपैकी दोघांनी तरी बसायचं. हा नियम ह्यांना सर्वांत जड गेला, कारण तेव्हाच बातम्या असतात.

सगळं सुरळीत चाललंय असं नाही. एकदा मुलगा पाऊण तास उशिरा आला. एकदा बातम्या संपेना म्हणून ह्यांनीच कट्टा चुकवला, तेव्हा दोघा मुलांनी त्यांना जाब विचारला. सासूबाई अजूनही उंबऱ्यात उभ्या राहून हाक मारतात. फरक एवढाच, की आता त्या दोन्ही नातवंडांची नावं घेतात, आणि मुलगी आतून ओरडते, "अज्जी, मी केव्हाच आले, त्यालाच बोलव!"