हिरव्या ज्योतीचे कोडे

कर्जत-खालापूरच्या डोंगरपायथ्याशी ठाकुरवाडी नावाच्या वस्त्या एकाहून अधिक आहेत. त्यांपैकी एका वाडीवरच्या गुरुजींनी मला विचारले, "मुले भंगारातल्या टीव्हीच्या वायरी जाळून तांबे काढतात. तेव्हा ज्योत हिरवी का होते?" प्रश्न ज्योतीचा होता. मला काळजी वाटली ती त्या धुराभोवती, कडेवर लहान भावंड घेऊन बसणाऱ्या मुलांची.

आधी ज्योतीविषयी. तापलेल्या तांब्याशी क्लोरीन किंवा ब्रोमीनचा संयोग झाला, की तयार होणारी संयुगे ज्योतीला हिरवी छटा देतात. बाइलस्टाइन या रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ही कसोटी शंभराहून अधिक वर्षे वापरात आहे. (वर्गात मात्र ती करून दाखवू नये, धूर घातक असतो.) वायरीच्या पीव्हीसी वेष्टनात क्लोरीन असते. जुन्या टीव्हीच्या प्लास्टिक खोक्यात अनेकदा ब्रोमीन असते, आणि ते तेथे मुद्दाम घातलेले असते. प्लास्टिक पेटले, की ज्वालेतील हायड्रोजन व हायड्रॉक्सिल मूलके ज्वलनाची साखळी पुढे नेतात. ब्रोमीन त्यांना पकडते आणि साखळी तुटते. हेतू चांगलाच होता.

अशा ज्वालारोधकांपैकी पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर, म्हणजेच पीबीडीई, हा गट फार वापरला गेला. पिठात मीठ मिसळावे तसा तो प्लास्टिकमध्ये नुसता मिसळलेला असतो, रासायनिक बंधाने जोडलेला नसतो. त्यामुळे वर्षानुवर्षे तो बाहेर पडून घरातल्या धुळीत उतरतो. रांगणारे, बोटे चोखणारे मूल ती धूळ मोठ्यांपेक्षा अधिक खाते. पीबीडीई चरबीत विरघळते, म्हणून आईच्या दुधातही येते. स्वीडनमध्ये १९७२ ते १९९७ या काळातील साठवलेल्या दुधाचे नमुने तपासले, तेव्हा त्यातील प्रमाण सुमारे दर पाच वर्षांनी दुप्पट झालेले आढळले. यावरून कोणी अंगावर पाजणे थांबवू नये. त्याचे फायदे कितीतरी मोठे आहेत.

आता मेंदूकडे वळू. फळ्यावर थायरॉक्सिनचा रेणू काढून पाहा. बेंझीनची दोन कडी, मध्ये ऑक्सिजनचा दुवा आणि आयोडीनचे चार अणू. आयोडीनच्या जागी ब्रोमीन ठेवले, की आकृती पीबीडीईच्या बरीच जवळ जाते. गर्भाच्या व तान्ह्या बाळाच्या मेंदूतील पेशींना कोठे जायचे, काय बनायचे, याचे संकेत थायरॉइडच्या संप्रेरकांकडून मिळतात. आयोडीनयुक्त मिठाचा आग्रह यासाठीच असतो.

जर्मनीतील संशोधकांनी मानवी मेंदूच्या मूळ पेशींचे गोळे तबकडीत वाढवले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या कामात, पीबीडीई मिसळल्यावर पेशींचे स्थलांतर मंदावले. चेतापेशी आणि चेतातंतूंवर वेष्टन चढवणाऱ्या पेशी कमी बनल्या. सोबत थायरॉइडचे संप्रेरक दिले, तेव्हा परिणाम ओसरला. माझ्या मते या प्रयोगातला सर्वांत बोलका भाग हाच. त्याआधी २००१ साली स्वीडनमध्ये दहा दिवसांच्या उंदरांना एकच मात्रा देण्यात आली होती. मोठेपणीही त्यांच्या हालचाली बिघडलेल्या होत्या.

तबकडी म्हणजे बाळ नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु न्यूयॉर्कमधील मुलांच्या पाहणीतही (२०१०), ज्यांच्या नाळेच्या रक्तात पीबीडीई अधिक होते त्यांना विकासाच्या चाचण्यांत कमी गुण मिळाले. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. मात्र पेशी, उंदीर आणि मुले एकाच दिशेने बोट दाखवतात.

स्टॉकहोम करारात या गटातील काही रसायने २००९ साली व डेकाबीडीई २०१७ साली समाविष्ट झाले. भारतातही २०११ च्या ई-कचरा नियमांनी विद्युत उपकरणांत पीबीडीईला ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. त्याआधीचे टीव्ही मात्र आता भंगारात निघून वाड्यांवर पोहोचतात. ते जाळले, की ब्रोमीनयुक्त डायॉक्सिनेही तयार होतात.

गुरुजींना मी कळवले, की वेष्टन सुरीने सोलता येते, आणि न जळलेल्या तांब्याला भंगारवाला भावही बरा देतो. टीव्हीचे खोके चुलीत मात्र घालू देऊ नका.