मेलबॉक्समध्येच ग्राहकांची वही

वेबमेलला सीआरएमची, म्हणजे ग्राहक सांभाळण्याची, जोड देताना ग्राहकाचा मेल पत्ता हीच त्याची ओळख धरतात. पत्रव्यवहार, फोनच्या नोंदी, पुढच्या संपर्काची तारीख हे सारे त्याच पत्त्याखाली येते.

एकट्याने धंदा करणाऱ्या फर्निचरवाल्याला वेगळे सॉफ्टवेअर लागतेच असे नाही. जीमेलमध्ये ‘चौकशी’, ‘कोटेशन दिले’, ‘ऑर्डर’ अशी लेबले पुरतात. 2018 मध्ये आलेल्या स्नूझमुळे बाजूला ठेवलेला मेल ठरल्या दिवशी पुन्हा वर येतो. विसरभोळ्यांसाठी हीच खरी सोय!

दोन-तीन माणसे एकच ग्राहक हाताळू लागली, की मात्र कोणी काय कबूल केले तेच कळत नाही. तेव्हा जीमेलच्या आतच चालणारे स्ट्रीक किंवा वेगळे चालणारे झोहो सीआरएम जोडावे.

अशा सॉफ्टवेअरला परवानगी देताना ते कोणकोणते मेल वाचणार, हे आधी पाहावे.